दातांत धागा धरलेली नीलिमा

माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, असं आमची आई सांगायची. बोलते. पण आधी सांगून टाकते, नीलिमा वासनिकबद्दल चांगलं बोलताना माझा जीव जळतो. ती होती तेव्हा जळायचा, आता ती नाही तरी जळतो. लोक म्हणतात मरणाबरोबर वैर संपतं. वैर संपत असेल, हेवा नाही संपत. हे माझ्याकडून लिहून घ्या.

आम्ही भंडाऱ्याला मानवी हक्कांच्या एम.ए.ला एका वर्गात होतो. गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. जिल्हा अर्धा राहिला तसे कॉलेजातले जुने प्राध्यापकही इकडेतिकडे पांगले, आणि जे राहिले त्यांतल्या बोरकर सरांनी हा नवा विषय हट्टानं उभा केला. शनिवार-रविवार तास. वर्गात कोण, तर बढतीला उपयोगी पडेल म्हणून आलेले मास्तर, एक निवृत्त फौजदार, चार कार्यकर्ते, वकिली शिकून घरी बसलेली मी, आणि मोहाडीच्या बसस्टँडजवळ ब्युटी पार्लर चालवणारी नीलिमा.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा तास अर्धा संपला होता. पोपटी साडी, ओठांना गडद लिपस्टिक, गॉगल डोक्यावर चढवलेला. दारातच सरांना म्हणाली, गाडी पंक्चर झाली होती. पुढं दोन वर्षं तिची गाडी दर शनिवारी पंक्चर होत गेली आणि सरांनी एकदाही तिला दारात उभं केलं नाही. मी एकदा पाच मिनिटं उशिरा आले तर सर म्हणाले, "लांजेवार मॅडम, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." माझ्याकडून अपेक्षा होत्या, हीच तर माझी अडचण.

त्या पहिल्या दिवशी सर मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकवत होते. जगण्याचा हक्क, बोलण्याचा हक्क, कामाचा हक्क, असं चाललं होतं. बाई मागच्या बाकावर बसल्या, माझ्या डब्याचं झाकण उघडून लाखोळीच्या डाळीचा वडा काढून घेतला, न विचारता बरं का, आणि तोंडात वडा असतानाच सरांना म्हणाल्या, "सर, याच्यात निवांत बसाचा हक्क कोठी हाये?" वर्ग हसला. मी ताबडतोब हात वर केला आणि सांगितलं, कलम चोवीस, विश्रांती आणि फुरसतीचा हक्क. मी ती सगळी कलमं उन्हाळाभर पाठ केली होती. सर म्हणाले, "वा! काय सुंदर प्रश्न विचारला." उत्तराला कोणी वा म्हटलं नाही. वडाही माझाच होता.

ती मूळची सानगडीची, सासर मोहाडीचं. सासू तिच्याजवळ राहायची. नवरा होता म्हणे, पण कुठे होता, काय करत होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं. सासूसुनेचं मात्र असं गूळपीठ की बघणाऱ्याला माय-लेकी वाटाव्यात. मी आडून आडून नवऱ्याचं विचारायची. ती म्हणायची, "सांगीन ना कधी, घाई काय हाये?" आणि माझ्याच घरचं काहीतरी विचारायची. पाच मिनिटांनी माझ्या ध्यानात यायचं की बोलून मीच राहिले आहे. गाडी पंक्चर म्हणून परतताना ती माझ्याबरोबर बसनंच यायची, आणि भंडारा ते मोहाडी एवढ्या वाटेत मी तिला काय काय सांगून बसले असेन, आठवलं तरी कानशिलं तापतात. एकदा तर हेही सांगितलं, की हे दोन वर्षांचं शिक्षण मला नवऱ्यानं मोठ्या मुश्किलीनं करू दिलं आहे, यातून नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पुन्हा पोळपाट-लाटणं, आणि तसं झालं तर मी वेडी होईन. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. नीलिमानं ऐकलं, माझा हात दाबला आणि तिकीट काढायला पर्स शोधू लागली. पर्स सापडली नाही. तिकीट मीच काढलं.

अभ्यासात म्हणाल तर शून्य. आंतरराष्ट्रीय करार सुरू झाले की बाईंचा गॉगल डोळ्यांवर यायचा आणि त्यामागे झोप लागायची. निबंध ती माझ्या वहीतून उतरवायची आणि वर म्हणायची, तुझं अक्षर किती गोड आहे वो. मी द्यायची वही. का द्यायची? कारण ती मागायचीच अशी, की नाही म्हटलं तर आपणच कद्रू ठरावं. पहिल्या वर्षी मी पहिली आले आणि ती काठावर पास झाली. मला वाटलं, झालं, हिशेब मिटला. मग दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्य आलं.

क्षेत्रकार्य म्हणजे गावात जाऊन लोकांच्या साक्षी घ्यायच्या. आमच्या गटाला पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजूचं एक गाव मिळालं. धरणात जुनं गाव गेलं, माळावर नवं वसवलं. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, नावांचं काय होतं ते पुढे येईलच. तिथला प्रश्न असा होता की घरांचे प्लॉट कुटुंबाप्रमाणे दिले होते, आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाया कुणाच्याच कुटुंबात मोजल्या गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या नावावर प्लॉट, तिथे दुसरी नांदते आहे. भावाच्या नावावर प्लॉट, तिथे भावजय उभं करत नाही. अशा बायांची साक्ष घ्यायची होती.

मी चार पानांची प्रश्नावली केली. बोरकर सरांनी ती साऱ्या वर्गाला दाखवली. आम्ही गेलो, समाजमंदिरात सतरंजी टाकली, बाया जमल्या. मी प्रत्येकीला उद्देश समजावून सांगितला, संमती घेतली आणि विचारायला लागले. अहो, ज्या बाईला विचारावं तिचं एकच, "सब ठीक हाये बाई." नवरा त्रास देतो का? नाही. राहता कुठे? इथंच. काही तक्रार? तक्रार कायची? दुपारपर्यंत माझी पानं भरली आणि त्यांत काही म्हणजे काही नव्हतं.

नीलिमा उशिरा आली, स्कूटीवरून, हातात मेकअपची ती लाल पेटी. मी म्हटलं, इथे काय नवरी सजवायची आहे का? ती म्हणाली, पेटी दुकानात ठेवली तर सासू पावडर संपवते. मग ती सतरंजीवर न बसता समोरच्या घराच्या ओसरीवर जाऊन टेकली. तिथे एक तरुण बाई तांदूळ निवडत होती. नीलिमानं तिच्या हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडे केलं आणि म्हणाली, भुवया किती दाट आहेत तुझ्या, कोरून देऊ का?

आता हे काम कसं होतं ते पुरुष वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. धाग्याचं एक टोक करणारीच्या दातांत, बाकीचा धागा दोन्ही हातांत पीळ देऊन ताणलेला. करून घेणारी डोळे मिटून, स्वतःच्याच बोटांनी पापणीवरची कातडी ताणून धरते. केस उपटले जातात तेव्हा डोळ्यांतून पाणी येतंच येतं, कितीही खंबीर बाई असो. तर आता बघा, विचारणारीच्या दातांत धागा, ती काही विचारूच शकत नाही. सांगणारीचे डोळे मिटलेले, तिला कोणी दिसत नाही. आणि पाणी कशाचं आलं हे कोणी विचारत नाही. ती बाई आधी गप्प होती. मग म्हणाली, लग्नात एकदा केल्या होत्या. मग म्हणाली, लग्न म्हणजे काय, आठ महिने. मग बांध फुटावा तशी बोलत सुटली. नीलिमा नुसती "अं, अं" करत होती. त्या बाईचं नाव कौशल्या. सकाळी माझ्यापुढे बसून तिनं सब ठीक हाये सांगितलं होतं.

म्हाताऱ्या बायांना भुवयांचं काय कौतुक? तर धानाच्या रोवणीच्या चिखलात राहून त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. नीलिमा त्यांचे पाय मांडीवर घेऊन मेंदी भरायची. एखादी संकोचून पाय मागे घ्यायची. नीलिमा ओढून परत मांडीवर घ्यायची. त्यातल्या काही घरांत एरवी तिला पाण्याचा पेलासुद्धा वेगळा मिळाला असता, हे तीही जाणून होती, त्याही. पण पाय एकदा मांडीवर गेला की त्या बाईला जातही आठवायची नाही आणि लाजही. मी बाजूला वही घेऊन बसायची. लिहायची मी. ती म्हणायची, "सांगणारीले घाई नाई राहत मंगला, लिहणारीले राहते." मला ते वाक्य इतकं झोंबलं की आजतागायत मी प्रशिक्षणात ते माझं म्हणून सांगते.

मीही करून पाहिलं, का नाही? एका आजीबाईच्या डोक्याला तेल लावायला बसले. थोडा वेळ तिनं सोसलं, मग म्हणाली, बाई, तुझे हात दुखत असतील तर राहू दे. मग मी गप्प बसण्याचा प्रयोग केला. सर म्हणायचे, शांतता हे मुलाखतीचं सर्वांत मोठं साधन आहे. एका बाईसमोर मी शांत बसले. तीही शांत. बराच वेळ गेल्यावर तिनं मायेनं विचारलं, "बरं नाई का तुले?" नीलिमानं हे पलीकडून ऐकलं आणि धागा दातांतून निसटेपर्यंत हसली. घरी येऊन मी नवऱ्याशी विनाकारण भांडले.

सरांनी एक नियम घालून दिला होता. अहवालात कोणाचं खरं नाव लिहायचं नाही, बदलून लिहायचं. माझ्या अहवालात मी साधा मार्ग काढला, स्त्री अ, स्त्री ब, स्त्री क. नीलिमा म्हणाली, बाया आहेत का इंजेक्शनच्या बाटल्या? तिनं तिच्या अहवालात छान छान नावं दिली. कौशल्याचं नाव ठेवलं सिंधू. आणि सरांनी दुसरं असंही सांगितलं होतं, की अहवाल ज्यांचा आहे त्यांना वाचून दाखवावा. हे वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलं आणि सगळे विसरले. ही एकटी गावात जाऊन समाजमंदिरात पुरुष-बाया जमवून वाचून आली.

आता मला सांगा, हजार वस्तीच्या गावात सिंधू नावाची बाई नसेल असं होईल का? होती. चांगली ठणठणीत, चार एकर धानाची, तोंडानं फटकळ, आणि तिचा नवरा इतका गरीब की कुत्र्यालाही हाड म्हणायचा नाही. वाचन सुरू झालं. सिंधूला तिचा नवरा दारू पिऊन मारत असे, सिंधूच्या नवऱ्यानं दुसरी आणली, सिंधूला घराबाहेर काढलं. सारा गाव त्या बिचाऱ्याकडे बघू लागला. तो उठून जो घरी गेला तो दोन दिवस बाहेर निघाला नाही.

आमची तोंडी परीक्षा होती त्या दिवशी कॉलेजच्या फाटकात काळी-पिवळी जीप थांबली आणि त्यातून बाया उतरल्या. नागपूरहून बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या, आत माझी परीक्षा चालू होती, आणि माझी परीक्षा फार उत्तम चालली होती हे मला नमूद करू द्या. सिंधुताई दार ढकलून आत आली. पाठोपाठ कौशल्या. नीलिमा व्हरांड्यात चिवडा खात होती, तिला सिंधुताईनं दंडाला धरून आत आणलं. सिंधुताईचं म्हणणं, माझा नवरा गाय, त्याला का बदनाम केलं? सरांनी समजावलं की ते तुमचं नाव नाही, बदललेलं नाव आहे. सिंधुताई म्हणाली, बदललं आणि माझंच टाकलं? गावात नावांचा दुष्काळ पडला होता का?

मला वाटलं, आता संपली नीलिमा. गुप्ततेचा भंग, म्हणजे आमच्या विषयात याहून मोठं पाप नाही. परीक्षक बाईंचा चेहरा कडक झाला होता. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

तेव्हा कौशल्या बोलली. तोवर ती भिंतीला चिकटून उभी होती.

"भोगलं म्या, अना नाव हिचं कायले?" ती म्हणाली. "माहं नाव लिवा. साऱ्या गावाले मालूम हाये. लपवून कोनापासून रायले तुम्ही? माह्या नवऱ्यापासून? त्यालेच तं समजाव लागते."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. नीलिमानं मान हलवली आणि हातातल्या चिवड्याचा कागद सिंधुताईपुढे धरला. रागात असूनही सिंधुताईनं मूठभर घेतला. परीक्षा संपेपर्यंत त्या दोघी व्हरांड्यात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, आणि सिंधुताई आपल्या नवऱ्याच्या गरीबपणाचे किस्से सांगून तिला हसवत होती.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. माझ्या अहवालातही सात बाया होत्या. स्त्री अ पासून स्त्री ग पर्यंत. एकही आली नाही. माझ्याशी भांडायलासुद्धा कोणाला यावंसं वाटलं नाही.

गुण माझेच जास्त आले, पहिली मीच आले. पण त्या परीक्षक बाई ज्या संस्थेच्या कामाशी जोडलेल्या होत्या, तिला भंडारा जिल्ह्यासाठी एक माणूस हवं होतं, कायमचं, साक्षी घेणं आणि प्रकरणं लढवणं यासाठी. त्यांनी मुलाखतीला दोघींना बोलावलं. एक पोस्ट. नागपूर, सोमवार, सकाळी अकरा. निकाल मला आधीच ठाऊक होता. प्रश्नावली कोणाची चांगली हे तिथे कोणी विचारणार नव्हतं. तरी मी गेले, कडक इस्त्रीची साडी नेसून. बाहेर बाकावर बसले आणि दर वेळी जिन्यावर पावलं वाजली की वाटे, आली. गाडी पंक्चर झाली म्हणेल आणि घेऊन जाईल माझ्या तोंडचा घास.

ती आलीच नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी तिच्यासाठी वाट पाहिली, चांगली लंच टाइमपर्यंत. मला आत बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न होता, "त्या धाग्यावाल्या बाई येणार होत्या ना?" त्यानंतर त्यांनी जे विचारलं त्याची मी उत्तरं दिली, आणि नोकरी मला लागली. नवऱ्यानं पेढे वाटले. मला एक पेढा गोड लागला असेल तर शपथ.

दुसऱ्याच दिवशी मी तिच्या पार्लरला गेले. का आली नाहीस? ती कुणाच्या तरी केसांना मेंदी थापत होती. म्हणाली, "नवरीचा मेकअप होता वो. आधीची बुकिंग. नवरी कोणी सोडते का?" आणि माझं अभिनंदन केलं, मनापासून, गालाला मेंदीचा हात लागू न देता जवळ घेऊन. मी घरी आले आणि पंचांग काढलं. त्या सोमवारी लग्नतिथ नव्हती. मला जिंकल्यासारखं झालं. मग आठवलं, बौद्धांकडे तिथ बघतच नाहीत, लग्न कोणत्याही वारी लागतं. म्हणजे पंचांगानंही काही सिद्ध झालं नाही.

तेव्हापासून हा काटा. बसमध्ये मी तिला सांगितलं होतं, नोकरी नाही लागली तर वेडी होईन. म्हणून ती आली नाही का? मला दिली का तिनं ती नोकरी, जसा मी तिला वडा देत होते, वही देत होते? की खरंच नवरी होती? की त्या न दिसणाऱ्या नवऱ्याचं काही होतं, सासूचं काही होतं? माझी नोकरी माझी आहे की तिनं टाकलेलं दान आहे, एवढंच मला कळायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? ज्याच्या ताटात पडतं त्याला पडतो.

पंधरा-सोळा वर्षं मी ती नोकरी केली, चांगली केली. टाकलेल्या बायांना वेगळं कुटुंब मोजावं म्हणून मी अर्ज केले, सुनावण्या लावल्या, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. कौशल्याला प्लॉट मिळाला तो माझ्या कागदांमुळे. पण गावात शिरलं की पहिला प्रश्न, "वासनिकबाई नाई आल्या का?" सुनावणीच्या दिवशी बाया तोंडाला कुलूप लावून बसायच्या. मग नीलिमा दुकान सासूवर टाकून यायची, उशिरा अर्थातच, मागच्या खुर्चीवर बसून पर्समधून मुरमुरे काढून खायची. एक शब्द बोलायची नाही. बाया तिच्याकडे बघून बोलायच्या आणि साहेब माझ्याकडे बघून म्हणायचे, छान तयारी करून घेतलीत मॅडम. मी थँक्यू म्हणायची. तिचा ना पगार, ना पद, ना कुठल्या अहवालात नाव. तरी हेवा मलाच वाटायचा. भिकाऱ्यानं सावकाराचा करावा हे जगात ठरलेलं आहे, मी उलटं करत होते. की भिकारी मीच होते, कोण जाणे.

दर भेटीत मी एकदा तरी विचारायची, खरं सांग, त्या सोमवारी काय झालं होतं? ती म्हणायची, तू अजून तिथेच अडकली का? आणि विषय माझ्या मुलीच्या अभ्यासावर जायचा.

शेवटची दिसली ती मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी. मी ऑफिसच्या गाडीत, घाईत. ती दुकानाबाहेर रस्त्यावर उभी राहून वांगीवालीशी वाद घालत होती, गॉगल डोक्यावर, एका हातात वांगं. मला पाहिलं आणि तेच वांगं हलवून थांब म्हणाली. मी काचेतून घड्याळाकडे बोट दाखवलं. तिनं हसून मान डोलावली आणि पुन्हा वांगीवालीकडे वळली. मागच्या काचेतून मी पाहिलं तर ती वांगीवाली बोलत होती आणि नीलिमा भाजीच्या ढिगाशेजारी बूड टेकून ऐकत होती. काय सांगत असेल ती बाई तिला, याचाच विचार मी तुमसरपर्यंत केला.

मग ताप आला काय, कावीळ निघाली काय, नागपूरला नेलं काय, आणि गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुण्यानुमोदनाला मी गेले. मोहाडीच्या बुद्धविहारासमोर मांडव होता. वंदना झाली, चार लोक बोलले. मलाही बोलायला सांगितलं, मी सहाध्यायी म्हणून चांगलं बोलले, लोकांनी माना हलवल्या. मांडव बायांनी भरला होता. लिपस्टिक लावलेल्या पोरी, रोवणी करणाऱ्या म्हाताऱ्या, आमच्या वर्गातल्या फौजदारांची बायको. त्या आसगावकडच्या गावाहून जीप भरून बाया आल्या होत्या. जेवणाच्या पंगतीत सिंधुताई माझ्या शेजारी येऊन बसली. आता म्हातारी झाली आहे, नवरा मागेच वारला. कौशल्या पलीकडे नीलिमाच्या सासूला भरवत होती.

सिंधुताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गावची बाई माझ्याजवळ आपणहून बोलत होती. म्हणाली, महिन्या-दोन महिन्यांनी ती यायची, मुक्काम करायची, रात्रभर आमच्या गोष्टी. मीच बोलायची असं नाही, तीही बोलायची. तिचं सगळं सांगायची. नवऱ्याचं सांगितलं, सासूचं सांगितलं.

मला ताटातलं दिसेनासं झालं. तिचं सगळं. हिला.

सिंधुताई थोडी वाकली, आवाज खाली केला. "अना थ्या सोमवारी नागपूरले काहून नाई गेली थे... तुले तं सांगतलंच असन तिनं?"

आता मी हे शिकवते. पंधरा वर्षं शिकवते आहे. नव्या पोरापोरींना पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देते, समोरचा सांगायला लागला की गप्प बसा. मला काहीच करायचं नव्हतं. तोंड मिटून, मान जराशी कलती करून, एक "अं" म्हणायचं होतं. सिंधुताई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, नसेल सांगितलं हिला.

"हो तर," मी म्हणाले. "मला तेव्हाच सांगितलं होतं."

"मंग बरं हाये," सिंधुताई म्हणाली. माझ्या गुडघ्यावरचा हात तिनं काढून घेतला, ताट जवळ ओढलं आणि म्हणाली, खीर जरा पातळ झाली नाही का.